शिवी, हेट स्पीच आणि कलमांची गल्लत

संपादक महोदय,

ईशान्येकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला भररस्त्यात ‘चिंकी’ म्हटल्याचा व्हिडिओ फिरू लागला, की ‘हेट स्पीचचा गुन्हा दाखल करा’ अशी मागणी सुरू होते. संताप रास्तच आहे, पण भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) त्या नावाचा गुन्हाच नाही. कलम चुकले की गुन्हा दाखल झाल्याची बातमी तेवढी छापून येते. प्रकरण पुढे कोर्टात टिकत नाही.

बहुतेकांच्या मनात असते ते कलम 196, म्हणजे जुने 153अ. वंश, जन्मस्थान, भाषा, जात हे सगळे त्यात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र हे कलम समूहासमूहांत वैर पसरवणाऱ्यासाठी आहे. त्यासाठी निदान दोन समूहांचा संबंध यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगितले. पार्किंगच्या भांडणात एकाने दुसऱ्याला हासडलेली शिवी त्यात सहसा बसत नाही. ‘या लोकांना सोसायटीत घरे देऊ नका, हाकलून लावा’ अशी ग्रुपवर टाकलेली पोस्ट मात्र बसू शकते. शिवाय अशा खटल्याची दखल घेण्याआधी कोर्टाला केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, कलम 217). ती फाइल मंत्रालयात किती काळ पडून राहील, हे वेगळे सांगायला नको.

एकट्यादुकट्याला दिलेल्या शिवीसाठी उरते कलम 352, जुने 504. ते अदखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. अपमान असा हवा की त्यातून शांतता भंगावी किंवा दुसरा गुन्हा घडावा, आणि देणाऱ्याला त्याची कल्पना हवी. झारखंडमधल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला ‘मियाँ-तियाँ’, ‘पाकिस्तानी’ म्हटल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द अभिरुचीहीन ठरवले. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा मात्र होत नाही आणि 504 ही लागत नाही, असे सांगून आरोपीला मोकळे केले.

खरे दात आहेत ते अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याला. कलम 3(1)(आर) हेतुपुरस्सर अपमानासाठी, तर (एस) जातीच्या नावाने शिवीगाळीसाठी. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे, अटकपूर्व जामिनाला कलम 18 ची आडकाठी, आणि तपास पोलिस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. मिझोराम किंवा नागालँडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला ‘तुमचा दाखला इथे चालत नाही’ असे कोणी ठाण्यात सांगितले, तर ते चूक आहे. या कायद्याचे संरक्षण देशभर सोबत येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये दिला आहे.

अशी प्रकरणे बुडतात ती फिर्यादीच्या मजकुरात. ‘आरोपीने जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच मोघम लिहून चालत नाही. उच्चारलेले शब्द निदान दोषारोपपत्रात तरी यायला हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावले. माझ्या मते ते फिर्यादीतच जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी, उतरवून घ्यावेत. लाजेखातर शब्द गाळले की बचाव पक्षाचे काम आयतेच होते. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हेही लिहायला हवे. तिसरी अट सार्वजनिक दृष्टिपथाची, म्हणजे अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हायला हवा. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान यात येत नाही (सर्वोच्च न्यायालय, 2020). घराबाहेरची, रस्त्यावरून दिसणारी हिरवळ मात्र येते. म्हणून नेमकी जागा आणि तिथे हजर असलेल्या त्रयस्थांची नावे हवीत. फक्त नातेवाईक आणि मित्र साक्षीदार असले की प्रकरण लंगडे पडते.

पण मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत. आपल्याकडे शिकायला येणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांचा तर प्रश्नच येत नाही. त्यांना वंशावरून शिवी दिली की पुन्हा 352 ची एनसी. दिल्लीत जानेवारी 2014 मध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीत बळी गेल्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा अपमानासाठी स्वतंत्र कलम सुचवले. 2017 मध्ये विधी आयोगानेही 267 व्या अहवालात द्वेषमूलक वक्तव्यासाठी दोन नवी कलमे सुचवली. 1 जुलै 2024 पासून अख्खी दंडसंहिता बदलली, पण यातले काहीच तिच्यात आले नाही. 196 ताणून ही फट बुजवू नये. ते कलम जितके सैल होईल, तितके ते पत्रकार आणि कवींवर चालवले जाईल. समितीने सुचवल्यासारखे, व्यक्तीच्या वांशिक अपमानापुरते नेमके आणि दखलपात्र कलम हवे.

तोवर पुरावा तरी पक्का ठेवावा. पोस्टचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. लिंक, तारीख-वेळ आणि खात्याचे नाव दिसायला हवे. मूळ चित्रीकरण असलेला फोन पुसू नये. कोर्टात त्याची प्रत द्यायची, तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळणारा आकडा) जोडावे लागते. त्याचा भाग अ सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. परीक्षा संपवून गावी परतलेल्यालाही तक्रार करता येते. गुन्हा दखलपात्र असेल, तर कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर (हद्द न पाहता घेतलेली फिर्याद) होतो. ई-मेलने पाठवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

– फौजदारी वकिली करणारा एक वाचक, पुणे