मृणाल, सहीची घाई नको

इंदूर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा "मला हिस्सा नको, हक्कसोडीचा कागद पाठवा, सही करते" म्हणून तू फोन आपटलास. आई म्हणाली, दोन दिवस जाऊ देत. सहीबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

समन्सला घाबरू नकोस. अण्णाकाकाने वाटणीचा दावा लावलाय, तुझाही हिस्सा आहे म्हणून तुझं नाव घातलंय. तू म्हणतेस ते फॅमिली कोर्ट नवराबायकोच्या भांडणांचं. आपलं दिवाणी कोर्टात. आधी हिस्से ठरून प्राथमिक डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मग कमिशनरची मोजणी, मग अंतिम डिक्री. तोवर पेशीवर पेशी.

सोबतच्या वकीलपत्रावर सही कर, म्हणजे वकील तुझ्या वतीने उभा राहील. हक्कसोडीवर नको. तिची एकदा रजिस्ट्री झाली की "रागात केली" म्हणून सुटका नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जितात मुलाइतकाच हक्क दिला, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं आणि... असो. लागलो वकिली करायला. रागावू नकोस.

रविवारी अण्णा टेप घेऊन ओटा मोजत होता. दुसरं टोक धरायला कोणी नाही, मीच धरलं. "दादा, सैल सोडू नकोस," म्हणाला. तीन महिन्यांत माझ्याशी बोललेलं तेवढंच. अनंत चतुर्दशीला हाच तुला खांद्यावर बसवून गिरण्यांच्या झांक्या, मिरवणुकीतले देखावे, बघायला न्यायचा. हुकुमचंद मिलची येईपर्यंत मध्यरात्र उलटायची, तू त्याच्या टकलावर गाल टेकून झोपलेली. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याचा धाकटा जावई कान भरतो, ते वेगळं.

तू स्वतःच्या पगारावर घर घेतलंस, तुला "नको" म्हणणं परवडतं. मी चार लोकांत सांगतो ते. पण आत्याचं काय? तू सोडलंस की उद्या तिला सगळे म्हणतील, मृणालने सोडलं, तुम्हीच कशाला धरून बसलात? ती एका शब्दाने सही करून मोकळी होईल. तिच्या छपराची अवस्था तू पाहिली आहेस. म्हणून म्हणतो, तिचा निकाल लागेपर्यंत थांब. पुढे तुझा हिस्सा अण्णाला दे नाहीतर कोणाला, मी विचारणार नाही.

जावईबापूंना नमस्कार, ओमला पापा.

तुझे बाबा

ता. क. काकूने तुझा पत्ता मागितला, फराळ पाठवायचाय म्हणे. दिला. चकल्या खा. डब्यात कागद निघाला तर आधी मला फोन.