६१२ ग्रॅम

पुणे, १४ एप्रिल

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. ‘ऑडेझी कंपनीचा एलसीडी-एक्स हेडफोन घेऊ का? हो की नाही, एका शब्दात सांग.’ एका शब्दात उत्तर देण्याइतका मी शहाणा नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. त्यात पैसे पीएफमधून काढणार म्हणतोस, म्हणजे वहिनींच्या कानावर अजून गेलेलं नाही. तेव्हा निवांत लिहितो.

ऑडेझीचा हा हेडफोन गेले सात आठवडे माझ्याकडे आहे. सेकंडहँड घेतला, आणि तोही फसतफसत. विकणारा ‘नवीन गाद्या घातल्यात’ म्हणाला होता. उघडून पाहतो तर डाव्या गादीची शिवण उसवलेली आणि उजव्या बाजूचा खर्ज दाट, डाव्या बाजूचा फिका. गाद्या बदलल्या आणि दोन्ही कान सारखे झाले. म्हणून सांगतो, गादी ही नुसती आरामाची वस्तू नाही. ती कानाभोवती नीट टेकली नाही तर खर्ज निसटतो.

आता वजन. कंपनी ६१२ ग्रॅम सांगते. मला खरं वाटेना, म्हणून ओट्यावरच्या काट्यावर ठेवून पाहिला. ही ओरडली, ‘तो कणकेचा काटा आहे!’ वायरीसकट कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्तच भरला. बारा वर्षं मी सेनहायझरचा एचडी ६०० डोक्यावर वागवलाय, तो २६० ग्रॅमचा. तिथून इथे येणं म्हणजे चप्पल सोडून गमबूट घालणं. पहिली वीस मिनिटं काही वाटत नाही. डोक्यावरचा चामडी पट्टा भार चांगला वाटून घेतो. चाळीस मिनिटांनी टाळूवर एक रुपयाएवढी जागा बोलायला लागते. तासाभरानंतर मान. त्यातही सरळ बसून ऐकलं तर चालतं, पण मान खाली घालून मोबाइल बघितलास की संपलास. तुझं स्पाँडिलायटिस काय म्हणतंय?

एवढं वजन येतं कुठून, तर चुंबकांतून. साध्या हेडफोनात आवाज काढणाऱ्या पडद्याला मधोमध तारेची कॉइल चिकटवलेली असते. ती ढकलते आणि कडा तिच्या मागून येतात. हा ‘प्लॅनर’ जातीचा. प्लॅनरमध्ये पातळ फिल्मवरच सगळीकडे तारेची नक्षी असते आणि समोर चुंबकांच्या पट्ट्या, त्यामुळे १०६ मिलिमीटरचा अख्खा पडदा एकदम हलतो. एवढ्या मोठ्या पडद्याला पुरतील इतकी चुंबकं लावली की काटा वाढणारच. कल्पना काही नवी नाही. यामाहाचा एचपी-१ १९७६ मध्ये आला होता, मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने घडवलेला, आणि तो याच्या निम्म्यानेही जड नव्हता.

पण तू आवाजाबद्दल विचारलंयस. तर ऐक. पहिल्या रात्री एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तानपुरा सुरू झाला आणि मी उठून बसलो. माझ्या जुन्या हेडफोनावर तानपुरा म्हणजे मागे पसरलेलं धुकं. इथे पंचमाची तार छेडल्याचा टोकदार क्षण, मग जवारीतून, म्हणजे घोडीवरच्या त्या झणकारातून, एकेक स्वर उलगडत वर जाणं, आणि तो विरायच्या आत जोडीच्या तारांचं येणं, सगळं वेगवेगळं. मग तबला. ‘घे’ वाजवताना मनगट डग्ग्याच्या कातड्यावर सरकतं ना, ते घासणं ऐकू आलं, आणि त्याखाली वाकत जाणारा घुमारा. खर्ज फुगलेला अजिबात नाही. येतो, बोलतो आणि थांबतो. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा खोकलाही तितक्याच इमानदारीने आला, त्याला इलाज नाही.

खटकलं ते गाण्यात. तार सप्तकात आवाज गेला की गायिका दोन पावलं मागे सरकल्यासारखी वाटते. तीन-चार किलोहर्ट्झच्या आसपास या हेडफोनाचा आवाज दबलेला आहे, आणि आवाजातली धार तिथेच असते. मी इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायच्या सोयीत, तिथे तीन डेसिबल वाढवले आणि बाई पुढे आल्या. प्लॅनरचं हे एक बरं असतं, मूळ आवाजात होणारी मोडतोड (डिस्टॉर्शन) कमी असल्यामुळे असा हात फिरवला तरी आवाज फाटत नाही. पण लाखाच्या घरातली वस्तू घेऊन पहिल्या आठवड्यात दुरुस्ती करावी लागली, हे मला अजून पचलेलं नाही.

दुकानात ऐकायला गेलास तर एक सांभाळ. दोन्ही हेडफोनांचा आवाज आधी सारखा करून घे. जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

मोबाइलला लावून चालेल का? हा चालेल, बऱ्यापैकी. एका मिलिवॅट ताकदीला १०३ डेसिबल आवाज देतो. तू ज्याचे फोटो पाठवत असतोस तो हायफायमॅनचा सुसवारा ८३ देतो. फरक २० डेसिबलचा, म्हणजे तितक्याच आवाजाला शंभरपट ताकद. सहा हजार डॉलरला बाजारात आलेला हेडफोन आणि वर दांडगा ॲम्प्लिफायर. तो विचार सोड. तुला मुलीचं लग्न करायचंय.

आता जे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं ते सांगतो. हा मागून उघडा आहे. म्हणजे आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. एप्रिलचा उकाडा, चामड्याच्या गाद्या, दहा मिनिटांत कानाखाली घामाची धार. म्हणून पंखा लावावा, तर त्याची घरघर थेट तानपुऱ्यात मिसळते. शेवटी मी पहाटे पाचला ऐकायला बसायला लागलो. हिला वाटलं माणूस सुधारला, प्राणायाम करतोय.

आणि चष्मा. तुझ्या चष्म्याच्या काड्या जाड आहेत. त्या गादीखाली आल्या की फट राहते, आणि मघाशी सांगितलं तसा खर्ज गळतो. माझ्या वाचायच्या चष्म्यानेसुद्धा फरक पडला. मी काढून ठेवतो. तुला काढला तर गाणं लावायचं बटण तरी दिसेल का?

तर पैसे इतक्यात काढू नकोस. शनिवारी नाशिकहून सकाळची बस धर. पंखा बंद करतो, तुला खुर्चीत बसवतो आणि दोन तास एक शब्द बोलत नाही. दहा मिनिटं ऐकून ‘वा’ म्हणालास तर मी ते धरणार नाही. दुसऱ्या तासाला तुझा हात मानेकडे जातो का, ते बघत बसणार आहे. कानावर चढवताना मात्र हळू, धसमुसळेपणा नको. आतला पडदा फार पातळ असतो आणि हवेचा दाब थेट त्याच्यावर येतो.

येताना तो जाड काड्यांचाच चष्मा घालून ये. वहिनींना नमस्कार सांग, कारण सांगू नकोस.

तुझाच,
विन्या