लिंकनचं खरं पत्र छापा की, ते 80 डॉलरवालं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षकदिनाच्या पुरवणीत तुम्ही परत एकदा ते लिंकनचं हेडमास्तरांना पत्र छापलंत. पत्र छान आहे, वादच नाही, आपल्याकडे शाळाशाळांत फ्रेम करून लावलंय, पण ते लिंकनने लिहिल्याचा काहीही पुरावा नाही हे एका ओळीत तरी टाकायचं होतंत. बरं ते जाऊ दे. खालच्या चौकटीत जे लिहिलं होतं, की हा मुलगा जंगलात कुणाच्याही आधाराशिवाय एकट्याच्या हिमतीवर वर आला, ते वाचून मात्र राहवलं नाही, कारण तिकडे अमेरिकेत तेव्हा एकट्याने शेत उभं करणं जवळपास अशक्यच होतं, सगळा कारभार नातेवाईकांच्या अंगमेहनतीवर आणि उधारीवर चालायचा.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल. त्यांचंही नाव अब्राहमच. 1786 मध्ये केंटकीत शेतात काम करताना तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात ते मारले गेले आणि तेव्हाच्या कायद्याने सगळी जमीन थोरल्या मुलाला गेली, धाकटा थॉमस, म्हणजे आपल्या लिंकनचा बाप, तो तेव्हा आठ वर्षांचा, त्याच्या वाट्याला काहीच नाही. पोरगा लोकांकडे मजुरी करत फिरला, सुतारकाम शिकला, पैसे साठवून केंटकीत एकामागून एक तीन शेतं घेतली आणि तिन्हीच्या मालकीत लफडी निघाली. केंटकीत मोजणी म्हणजे ह्या ओढ्यापासून त्या झाडापर्यंत असला प्रकार, एकाच तुकड्यावर तीन-तीन जणांचे दावे. शेवटी 1816 मध्ये कंटाळून ओहायो नदीपलीकडे इंडियानात. लिंकनने स्वतःच पुढे लिहिलंय की गुलामगिरी हेही थोडं कारण होतं पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीची भानगड.

इंडियानात सरकारने चौकोन पाडून नीट मोजणी केलेली होती. (ती जमीन काही वर्षांपूर्वीच डेलावेअर, पियांकशॉ वगैरे मूळ रहिवासी जमातींकडून करार करून काढून घेतलेली, हे पण चौकटीत कुठे नव्हतं.) भाव एकरी 2 डॉलर. थॉमसने 1817 ला व्हिन्सेन्स गावच्या लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमीन विकणाऱ्या कचेरीत, 160 एकर नोंदवली, म्हणजे 320 डॉलर झाले, त्यातले पाव आधी आणि बाकी हप्त्याने. आता हे 320 म्हणजे किती ते बघा. त्या भागात पोरासोरांना शेतावर रोज मिळायचा 25 सेंट. म्हणजे 1280 दिवसांची मजुरी, तीही रोखीत मिळाली तर, आणि रोख तर कुणाकडेच नसायची. थॉमसला हप्ते झेपले नाहीतच. 1827 मध्ये त्याने निम्मी जमीन सोडली, भरलेले पैसे उरलेल्या निम्म्यावर वळवले, तेव्हा कुठे 80 एकर नावावर झाली. दहा वर्षं लागली.

आणि ह्या दहा वर्षांत घरात कोण कोण होतं ते ऐका. आई नॅन्सीची मावशी आणि मावशीचे यजमान 1817 ला मागोमाग आले, सोबत त्यांनी सांभाळलेला डेनिस हँक्स. 1818 मध्ये मावशी आणि यजमान दोघं दुधाच्या आजाराने गेले, गाईंनी रानातलं एक विषारी रोप खाल्लं की दूधच विषारी व्हायचं, आणि ऑक्टोबरात त्याच आजाराने नॅन्सीही गेली. अब्राहम नऊ वर्षांचा. थॉमस वर्षभराने केंटकीत गेला आणि ओळखीतल्या एका विधवेशी, सारा बुश जॉन्स्टनशी, लग्न करून परत आला, तिची तीन मुलं सोबत. एका लाकडी खोलीत आठ माणसं. ती येताना अक्रोडाच्या लाकडाचं कपाट घेऊन आली होती, त्याची किंमत चाळीस-पंचेचाळीस डॉलर सांगतात, म्हणजे वीसेक एकर जमिनीएवढं एक कपाट! आल्यावर तिने आधी घराला लाकडी जमीन करून घेतली आणि पोरांना आंघोळी घातल्या. पुढे डेनिसने सावत्र बहिणींपैकी थोरलीशीच लग्न केलं, दुसरीचा नवराही ह्याच गोतावळ्यातला, आणि 1830 मध्ये इलिनॉयला निघाले तेव्हा तीन कुटुंबं मिळून तेरा माणसं एकत्र निघाली. ह्याला एकटा म्हणायचं?

पण मला गोडवे गायचे नाहीत. ह्याच नात्यांचा फास पण होता. मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत त्याची कमाई कायद्याने बापाची. थॉमस त्याला शेजाऱ्यांकडे कामाला पाठवायचा आणि पैसे स्वतः घ्यायचा. 1828 मध्ये अब्राहम जेंट्री नावाच्या दुकानदाराच्या मुलाबरोबर सपाट बुडाच्या नावेतून माल घेऊन न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेला, महिना 8 डॉलर, आणि तेही बापाच्या हातात. शेजाऱ्याकडून आणलेलं वॉशिंग्टनचं चरित्र पावसात भिजलं तर त्याची किंमत 75 सेंट धरून तीन दिवस मक्याचा चारा काढून भरपाई केली असं सांगतात, म्हणजे दिवसाला परत 25 सेंटच. आणि वयात आल्यावरचा हिशोब त्याहून भारी, एका बाईकडून पँटीचं कापड हवं होतं तर एका यार्डाला 400 लाकडं फोडून द्यायची, कुंपणाची. पैसा मध्ये कुठेच नाही. त्यात हा माणूस सहा फूट चार इंच, कापड किती लागलं असेल बघा.

आता खरं पत्र. डिसेंबर 1848, लिंकन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये खासदार. बापाला जमीन लिलावात जाऊ नये म्हणून 20 डॉलर हवे होते ते त्याने पाठवले, सोबत थोडा टोमणाही मारला. त्याच वेळी सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टनने 80 डॉलर मागितले, ते सरळ नाकारले. लिहिलं की तू आळशी नाहीस पण रिकामटेकडा आहेस, आता कुणाकडे तरी मजुरीला जा, 1 मेपर्यंत जेवढे डॉलर कमावशील किंवा कर्जातले फेडशील त्या प्रत्येकामागे मी एक डॉलर माझा देईन. आणि भावाने म्हटलं होतं म्हणे की 70-80 डॉलरसाठी स्वर्गातली जागा सुद्धा देऊन टाकेन, त्यावर लिंकनचं उत्तर, मग तू स्वर्गातली जागा फारच स्वस्तात लावलीस. तुमच्या पुरवणीत हे छापलंत तर पोरं मिटक्या मारत वाचतील, उपदेश त्यात पण आहेच!

बापाशी मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. जानेवारी 1851 मध्ये थॉमस मरणाला टेकला तेव्हा लिंकन भेटायला गेला नाही, अंत्यविधीलाही नाही. माझं मत, 21 वर्षांपर्यंतची ती मजुरी मनातून गेली नसावी. सावत्र आईचं उलट. दहा वर्षांपूर्वी, 1841 मध्ये, त्याने आईबापाची 40 एकर 200 डॉलरला विकत घेऊन त्यांना हयातभर वापरायला दिलेली होती आणि बाप गेल्यावर जॉन ती विकून मिसूरीला जायच्या गोष्टी करायला लागला तेव्हा नोव्हेंबर 1851 मध्ये लिंकनने त्याला झाडलं, की ही चाळीस एकर मी आई आहे तोवर तिच्यासाठी ठेवणार, तू कसणार नसशील तर खंडाने देऊ, काहीतरी तरी मिळेल, आणि बाकीच्या चाळीस-चाळीस एकरांच्या दोन तुकड्यांत तिचा विधवेचा हक्क आहे तो ती तुला देऊ शकते, माझे आभार मानायची गरज नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली