मिनीच्या काचेसाठी, आणि तिच्या आधीच्या सगळ्यासाठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

लाल मिनी, म्हणजे त्या छोट्या ब्रिटिश गाडीचं 1/24 प्रमाणातलं प्लॅस्टिकचं मॉडेल, पूर्ण झाली. फोटो तुम्हाला पाठवलेच आहेत, पण त्यांच्याखाली दोन ओळी लिहून हे ऋण आटोपतं घेणं मला जमेना. पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. गाड्यांची स्केल मॉडेल्स बनवणाऱ्या, किंवा पहिलंच किट उघडून बसलेल्या कुणाच्या तरी वाचनात ते यावं अशी इच्छा आहे. तुम्ही जे दिलंत ते माझ्या एकटीपाशी राहू नये.

सगळ्यात आधी आभार तुमच्या त्या एका प्रश्नाचे. कुठलाही भाग हातात घेतला की तुम्ही विचारायचात, ‘खऱ्या गाडीत हे काय आहे?’ सूचनापत्रात त्या भागाला नुसता क्रमांक असतो. तो कुठे चिकटवायचा ते बाण दाखवतो, पण तो रबर आहे, ओतीव लोखंड आहे की पत्रा, हे बाण सांगत नाही. तुमच्या प्रश्नामुळे मला रंगाआधी फोटो बघायची सवय लागली, आणि फोटोआधी मोजमाप. खरी मिनी 3054 मिलीमीटर लांब. 24 ने भागलं की 127 मिलीमीटरच्या किंचित वर. चाकांच्या रिम 10 इंची, म्हणजे मॉडेलवर साडेदहा मिलीमीटरच्या आसपास. ही आकडेमोड तुम्ही माझ्याकडून वहीच्या पहिल्याच पानावर करून घेतलीत, आणि त्यानंतर किटमधला प्रत्येक भाग मी त्या पानाशी ताडून पाहू लागले.

1/24 आणि 1/25 हा फरकही तेव्हाच नीट उमगला. 1/24 म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. 1/25 हे अमेरिकन किट्समध्ये रुळलेलं प्रमाण. डब्यावर वाचताना दोन्ही सारखीच वाटतात. पण हीच मिनी 1/25 मध्ये 122 मिलीमीटरची होते, म्हणजे सरळ पाच मिलीमीटर कमी. एखादी सीट किंवा बॅटरी इकडची तिकडे खपून जाते, बॉडीचे भाग नाही. दोन किट्स जोडून एक चांगलं मॉडेल बनवण्याआधी हे कळणं किती गरजेचं आहे!

आता बॉडीवरच्या रेघांबद्दल. माझ्या मते या छंदातला सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला.

प्लॅस्टिकची बॉडी अनेक तुकड्यांच्या साच्यात तयार होते. साच्याचे तुकडे जिथे भेटतात तिथे एक बारीक उंचवटा राहतो. मडगार्डवरून, छताच्या कडेने तो धावत जातो. खऱ्या गाडीवर तो नसतो, म्हणून तो घासून काढायचा, एवढं कुणीही सांगतं. पण मिनीचं प्रकरण निराळं. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या या गाडीत (1959 साली ती बाजारात आली) पत्र्यांचे जोड बाहेरच्या बाजूला काढलेले आहेत, कारण त्यामुळे वेल्डिंग सोपं झालं. पुढच्या काचेच्या पायथ्यापासून मडगार्ड आणि दार यांच्यामधून खाली उतरणारी ती पट्टी, आणि तशीच मागच्या कोपऱ्यावरची, हे मिनीचे खरे जोड आहेत. ते पुसले गेले तर गाडी मिनी राहात नाही. म्हणजे एकाच बॉडीवर दोन जातीच्या रेघा, एक घालवायची आणि एक जपायची. तुम्ही पेन्सिल घेऊन घालवायच्या रेघांवर खुणा केल्यात, जपायच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावायला सांगितलीत, आणि मगच सँडपेपर हातात दिलात. दाराचे बाहेर दिसणारे बिजागर, सरकत्या खिडक्यांच्या चौकटी, सगळं याच नजरेने पाहायला लावलंत. आता कुठलीही खरी गाडी दिसली की माझे डोळे आपोआप तिचे जोड शोधतात.

दाराच्या फटीचंही तसंच. खऱ्या दाराभोवतीची फट चार-पाच मिलीमीटरची. मॉडेलवर ती जेमतेम 0.2 मिलीमीटर. दुसरीकडे, खऱ्या गाडीवरचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाड असतो. 24 ने भागलं तर चार ते सहा मायक्रॉन. इतका पातळ रंग कुठल्याच एअरब्रशने बसत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा थर मिळून जाडी त्याच्या कितीतरी पट होते आणि फट बुजते. म्हणून पॅनेल लाइन, म्हणजे या फटींच्या रेघा, रंगाच्या आधीच स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार अवजाराने) खोल करायच्या. हे काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. हात हलका ठेवून, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा ओढत राहायचं. पहिल्या दोन-तीन वेळा रेघेवर भारच द्यायचा नाही, अवजाराला वाट सापडू द्यायची, हे तुमचे शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत.

त्यासाठी तुम्ही मला तुमच्याकडच्या जुन्या, अर्ध्या सोडलेल्या बॉडी दिल्यात. माझ्या मॉडेलला मात्र कधी हात लावला नाहीत. तुम्ही तेच काम चौथा हिस्सा वेळेत केलं असतंत, तरी खुर्ची मागे घेऊन बसून राहिलात. या गोष्टीचे आभार कसे मानायचे ते मला अजून उमगलेलं नाही. शिकवणारे खूप भेटतात, पण स्वतःचा हात आवरणारे विरळा.

रंगाच्या वेळी तुमच्या अनुभवाने मोठं संकट टळलं. त्या किटची बॉडी लाल प्लॅस्टिकमध्येच ओतलेली होती आणि छत पांढरं करायचं होतं, कारखान्याच्या रॅली मिनींसारखं. लाल प्लॅस्टिकमधलं रंगद्रव्य लॅकरच्या (झटपट वाळणाऱ्या रंगाच्या) द्रावकात विरघळून वर येतं आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक आणतं, अनेकदा रंग वाळून गेल्यानंतर. तुम्ही प्रायमरवर चंदेरी रंगाचा एक थर द्यायला लावलात. त्यातले अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक आडवे बसून खालच्या रंगाची वाट अडवतात. त्यावर पांढरा, मग छत झाकून लाल. छत आजही स्वच्छ पांढरं आहे. इनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या तेली रंगावर) लॅकर मारायचा नाही, कारण लॅकरचा तेज द्रावक खालचा थर सुरकुतवतो, हाही तुमचाच नियम. तो मी टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून लावला आहे.

पॉलिशिंगबद्दल थोडक्यात. 3200 पासून 12000 ग्रिटपर्यंतच्या पॉलिशिंग कापडांनी (आकडा मोठा तितकं कापड बारीक) ओल्याने घासत गेलं की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा जातो आणि खिडकीचं प्रतिबिंब सरळ दिसू लागतं. उंच कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, म्हणून त्या जोडांच्या पट्ट्यांवर तेव्हाही टेप होती.

तुम्ही एकदा टामिया या जपानी मॉडेल कंपनीची गोष्ट सांगितली होतीत. 1976 मध्ये त्यांनी 1/12 प्रमाणातली पोर्श 934 काढली, तेव्हा कंपनीच्या शुन्साकु टामिया यांनी चक्क एक पोर्श 911 विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. ती गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलला होता. लहान गाडी बनवण्यासाठी मोठी गाडी उलगडणारा माणूस तुम्हाला का भावतो, ते त्या दिवशी समजलं. माझ्याकडे उलगडायला खरी मिनी नव्हती, पण तुमच्या फोटोंच्या फायली होत्या, आणि त्या तुम्ही बिनदिक्कत माझ्या हवाली केल्यात.

त्या फायलींवरूनच बॉनेटखालचं सगळं झालं. 1275 सीसीचं इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली आणि दोघांना तेल एकच. डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज सिलिंडरना वाटणारा भाग) पुढच्या बाजूला, थेट जाळीमागे. पावसाचं पाणी आत आलं की खऱ्या मिनी त्यामुळेच बंद पडायच्या. किटमध्ये डिस्ट्रिब्युटर म्हणजे एक गुळगुळीत गोळा होता, वायरीच नव्हत्या. चार सिलिंडरना चार आणि कॉइलची एक, अशा पाच वायरी. खरी वायर सात मिलीमीटर जाडीची, म्हणून 0.3 मिलीमीटरची तार. टोपीत हातड्रिलने पाच भोकं पाडायला एक अख्खी संध्याकाळ गेली. वायरी ठिणगीच्या 1-3-4-2 या क्रमाने लावल्या. हे कुणाला दिसणार, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट, मी जोडलेला क्रम भिंगातून तपासून मान डोलावलीत. त्या वेळी झालेला आनंद मला नीट सांगता येणार नाही.

हेडलाइटमागचे खुंट कापले, सायलेन्सरचं टोक पोकळ केलं, सीटबेल्ट बसवले. क्रोमचे भाग ब्लीचमध्ये सोडून जुना मुलामा उतरवला, स्प्रूपासून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून) तोडल्याच्या खुणा घासल्या आणि चकाकत्या काळ्या थरावर क्रोमचा रंग अगदी विरळ मारला. यातलं काही ना काही तुमच्याकडून ऐकलेलं आहेच.

आणि काच.

डबा उघडला तेव्हा पुढच्या काचेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडा होता. किट इतकं जुनं, की सुटा भाग मिळायची आशा नव्हती. काच नसेल तर मॉडेल दाखवता येत नाही. रंग कितीही उत्तम असो, नजर तिथेच जाते. मी तो डबा बंद करून कपाटात ठेवणार होते. तुम्ही म्हणालात, ‘तडा गेलेली काचच आपल्याला हवी आहे.’

मग जे केलंत ते मी सविस्तर लिहिते, कारण कितीतरी जुनी किट्स केवळ काचेपायी पडून असतील. तडा गेलेली काच टेपने जुळवून तिच्या आतल्या बाजूला तुम्ही इपॉक्सी पुट्टी भरलीत. बाहेरून नाही, आतून. म्हणजे साचा काचेच्या आतल्या पृष्ठभागाचा झाला आणि त्यावर तापवलेल्या प्लॅस्टिकची ओढलेली नवी काच आपल्या जाडीसकट मूळ जागी बसली. पुट्टी कडक झाल्यावर साच्याच्या कडा चांगल्या खालपर्यंत वाढवल्यात, कारण ओढताना प्लॅस्टिकचा पत्रा कडेपाशी दुमडतो आणि तो दुमडलेला भाग कापून टाकायचा असतो. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उमटतो, म्हणून तो बॉडीइतकाच पॉलिश केलात. मग पीईटीजी या पारदर्शक प्लॅस्टिकचा 0.3 मिलीमीटरचा पत्रा लाकडी चौकटीत धरून हीट गनने तापवलात. आधी तो ताणला जातो, मग मधोमध सैल पडून झोल येतो. त्या क्षणाला तुम्ही चौकट साच्यावर दाबलीत. पहिली दोन फेकून दिलीत, तिसरी उजेडात फिरवून पाहिलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत.

किटची काच एक मिलीमीटर जाड होती, खऱ्या गाडीवर ती 24 मिलीमीटर झाली असती. तुमची 0.3 ची काच खऱ्या मापात सात मिलीमीटरची. जुनं मॉडेल त्या एका भागाने मूळ किटपेक्षा सरस झालं. काच धुरकट होऊ नये म्हणून सुपरग्लूऐवजी वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या पांढऱ्या गोंदाने ती बसवली, भोवतीचं रबर काळं रंगवलं आणि त्यातली चंदेरी रेघ बेअर मेटल फॉइलची (चिकटणाऱ्या अतिपातळ धातूच्या वर्खाची) लावली. आता स्टिअरिंग, मधोमध बसवलेला स्पीडोमीटर, दाराची दोरी, सगळं आरपार दिसतं.

काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी एक भाग बनवलात, एवढंच ते नव्हतं. मी सोडून देणार होते ती गाडी तुम्ही सोडू दिली नाहीत. तेव्हापासून किटमधली उणीव पाहून माझा हात आखडत नाही. ती कशाने भरता येईल याचा विचार आधी सुरू होतो. हे तुमच्यामुळे आहे आणि ते मी सगळ्यांसमोर म्हणते.

एक विचारायचं राहिलं. काचेचा साचा अजून माझ्याकडेच आहे, मऊ कापडात गुंडाळून ठेवला आहे. एका नवख्या मुलाकडे याच मिनीचं किट आहे आणि त्याच्या डब्यात काच मुळीच नाही. तुमची हरकत नसेल तर या रविवारी त्याला बोलावते. साचा तुमचा, चौकट मी धरेन, हीट गन त्याच्या हातात देऊ. तुम्ही खुर्ची मागे घेऊन बसायला या.

कळावे, लोभ असावा.

तुमची कृतज्ञ,
मिनीवाली विद्यार्थिनी