हिशेब दिसणारी लढाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक आला म्हणजे पटावरचे युद्धखेळ मोडीत निघणार, असे कित्येक वर्षे ऐकतो आहे. प्रत्यक्षात नवे पट निघत आहेत आणि जुन्यांच्या सुधारित आवृत्त्याही येत आहेत. ‘जुन्या आठवणींचा उमाळा’ एवढे म्हणून या गोष्टीची बोळवण केली जाते, ते मला पटत नाही. मोबाइल हातात घेऊनच वाढलेली मुलेही या टेबलाभोवती बसतात. त्यांना कसला उमाळा?

माझ्या मते खरे कारण हे, की इथे हिशेब उघड्यावर असतो. नेहमीच्या पद्धतीचा पट घ्या. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, प्रत्येकीवर दोन आकडे : एक ताकदीचा, एक चालीचा. माझी ताकद बारा आणि समोरच्याची चार, तर प्रमाण तीनास एक. समोर पाच असेल, तर वरची बाकी सोडून द्यायची. प्रमाण थेट दोनास एकवर उतरते. मग फासा टाकायचा आणि कोष्टकात निकाल बघायचा. तीनास एक राखायला पंधरा हवेत. आता ती तीनची तूट भरून काढायला दूरची तुकडी ओढून आणावी, तर तिकडची खिंड उघडी पडते. यावर खेळाडू बराच वेळ डोके खाजवत बसतो, आणि खेळाची सगळी गंमत त्या खाजवण्यात आहे! संगणक हेच गणित क्षणात उरकतो, पण पडद्याआड. आपल्याला फक्त धूर दिसतो. आपण का हरलो, ते बहुतेक वेळा गुलदस्त्यातच राहते.

शिवाय एखादा नियम इतिहासाशी विसंगत वाटला, तर दोघांच्या संमतीने बदलता येतो. नियमपुस्तिकेवरून वाद होतात हे खरे, आणि काही पुस्तिका कायद्याच्या पुस्तकाइतक्या रटाळ असतात हेही खरे.

एका बाबतीत मात्र संगणकाला मानावे लागेल. शत्रू कुठे आहे हे लपवणे त्याला सहज जमते. पटावर सगळे समोर मांडलेले असते. पण त्यावरही जुन्या लोकांनी तोड काढली होती. प्रशियाच्या (त्या काळच्या एका जर्मन राज्याच्या) सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली ज्या खेळाचे नियम छापले, त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम मधल्या पंचाकडे जात आणि ज्याला जेवढे दिसायला हवे तेवढेच पंच दाखवी. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलला ब्रिटिश आरमारातले अधिकारी गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या पथकाने जमिनीवरच समुद्र मांडला होता. आरमारी अधिकारी कापडी पडद्यांच्या फटींतून बघत. जर्मन पाणबुड्यांचे मार्ग हिरव्या खडूने आखलेले असत, म्हणजे फटीतून ते दिसू नयेत. खडू, पडदे आणि आरमारातल्या तरुण मुली एवढ्या सामग्रीवर अटलांटिकमधल्या पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच तपासले गेले.

पंच लबाड निघाला तर? पॅसिफिक महासागरात अमेरिकेशी झालेल्या मिडवेच्या लढाईआधी जपानी आरमाराने टेबलावर सराव केला, तेव्हा फाशांनी बुडवलेली ‘कागा’ ही विमानवाहू नौका पंचांनी पुन्हा तरंगती केली, असे सांगतात. जून १९४२ मध्ये ती खरोखरच बुडाली. पण ही हातचलाखी निदान भोवती बसलेल्यांना दिसली तरी. यंत्राने अशीच मेहेरबानी केली, तर कोणाला पत्ता लागणार?

एक विनंती. आपल्या रविवार पुरवणीत शब्दकोडे असतेच. त्याच्या शेजारी कधीतरी दहा-बारा षटकोनी घरे, चार सोंगट्या आणि ‘एका चालीत खिंड घ्या’ असा पेच छापून बघावा. उत्तर पुढच्या रविवारी द्यावे, कोष्टकासकट.

आपला,
एक वाचक