ज्यू परंपरा आणि शिरगणती

महोदय,

जनगणनेचा विषय निघाला की ‘ज्यू धर्मात माणसे मोजणे पाप आहे’ असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ज्यूंचा पुढारी मोशे याच्या गणतीचा हिशेब खुद्द तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच आहे. त्यातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 30व्या अध्यायानुसार वीस वर्षे व त्यावरील प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल (एक जुने वजन) चांदी द्यायची. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. माणसांऐवजी ही चांदी मोजायची, म्हणजे मरी येणार नाही. 38व्या अध्यायात ताळाही लागतो: पुरुष 6,03,550, म्हणून शेकेल 3,01,775. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार, म्हणजे 100 किक्कार आणि वर 1,775 शेकेल. त्या 100 किक्कारांच्या 100 उथळ्या, म्हणजे तळाच्या बैठका, ओतल्या. वरच्या चांदीतून खांबांच्या आकड्या झाल्या. मोजल्या गेलेल्या प्रत्येकाचा सारखा वाटा पवित्रस्थानाच्या पायात गेला.

दावीद राजाची गणती याउलट. सेनापती यवाबाने ‘महाराजांना हे हवे तरी कशाला?’ असे विचारले. तरीही 9 महिने 20 दिवस गणती चालली आणि मागोमाग मरीने 70,000 माणसे गेली. दाविदाचे चुकले कुठे? तेराव्या शतकातील भाष्यकार रामबान एके ठिकाणी म्हणतो, अर्धा शेकेल घेतला नाही. दुसरीकडे म्हणतो, शेकेल घेतला असला तरी गणतीची गरजच नव्हती. यवाबाचा प्रश्न पाहता मला दुसरे कारण अधिक पटते.

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाने मात्र पुण्यकर्मासाठीही थेट डोकी मोजायला मनाई केली. शौल राजाने सैन्य मोजले ते कोकरांवरून, असा अर्थ तिथे लावला आहे. मंदिरात कामाची चिठ्ठी काढताना याजक बोटे पुढे करीत आणि बोटे मोजली जात. आजही प्रार्थनेसाठी दहा पुरुषांचा मिन्यान जमला का हे पाहताना अनेक ठिकाणी आकडे उच्चारत नाहीत; स्तोत्र 28मधील नववे, दहा हिब्रू शब्दांचे वचन म्हणत एकेकाला एकेक शब्द देतात. शब्द उरला तर माणूस कमी.

सरकारी जनगणनेला यातून बाधा येत नाही. इस्राएलने 1948 सालीच आपली पहिली जनगणना केली. अर्ज मोजले जातात, गरजही खरी असते, म्हणून अनेक धर्मपंडितांनी ती मान्य केली आहे.

आपल्याकडे 2011च्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते. बाकीच्यांचे नाव पूर्ण लिहायचे होते. कोकणातील व मुंबई-ठाण्यातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांनी यावेळीही प्रगणकाकडून धर्माच्या रकान्यात ‘ज्यू’ असे स्पष्ट नोंदवून घ्यावे.

– एक वाचक, ठाणे