खांदेरीचा दिवा आणि त्याखालचं घर

मु. पो. तालुका दर्यापूर, जि. अमरावती

प्रिय सुध्या,

भाचीच्या लग्नाला अलिबागला गेलो तसा थळहून होडीनं खांदेरीलाही जाऊन आलो, हे तुला कळलेलं दिसतं. किल्ल्याविषयी लिही म्हणतोस. पण १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत हे बेट कसं बांधून काढलं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बघत बसलो ते तिथलं दीपगृह. त्यातही मनोऱ्यापेक्षा जास्त त्याच्या पायाशी असलेलं घर. बरोबरची मंडळी तोफेच्या गाड्यापाशी फोटो काढत होती अन् मी भिंतीला हात लावून उभा. आपल्या खारपाणपट्ट्यातला, खारट पाण्याच्या मुलखातला माणूस दुसरं काय बघणार?

मनोरा १८६७ चा, अष्टकोनी, पंचवीसेक मीटर उंच. आठ बाजू का, तर गोल भिंतीला प्रत्येक दगड बाहेरून वाकडा घडवावा लागतो. आठ सपाट बाजू केल्या की गवंड्याला ओळंबा नि गुण्या लावून काम ओढता येतं, आणि चौकोनापेक्षा वाऱ्याचा मारही कमी बसतो. मनोरा टेकडीवर आहे, त्यामागचा हिशेब मला फार आवडला. क्षितिजाचं अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतं. पंचवीस मीटरवरून ते साधारण १८ किलोमीटरवर दिसतं. ते ३६ करायचं तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट लागते. म्हणजे शंभर मीटरचा मनोरा! त्यापेक्षा आयती टेकडी बरी. उंची फुकट मिळते, चुना-दगड वाचतो.

आता घराचं. दीपगृहात माणसाला कुठं ठेवायचं, हा बांधणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असतो. स्कॉटलंडजवळच्या बेल रॉकवर भरतीला सगळा खडक पाण्याखाली जातो. तिथं १८११ मध्ये पेटलेल्या मनोऱ्याचा तळ भरीव दगडाचा आहे आणि राहायच्या खोल्या त्याच्या वर, एकीवर एक रचलेल्या. सगळ्या गोल. गोल खोलीत पलंग कुठं टेकवायचा, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. खांदेरीला लाटा टेकडीवर पोचत नाहीत, म्हणून तिथं खाली बसकं, सपाट छताचं घर आणि त्यातून वर निघालेला मनोरा, अशी एकच इमारत आहे. मला ही सोय फार शहाणपणाची वाटली. पूर्वीचे फिरते दिवे घड्याळासारख्या यंत्रावर चालत. जड वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे, ते कोणीतरी हातानं परत वर गुंडाळायचं. त्यासाठी रात्रभर पाळीपाळीनं जागायचं. अशा माणसाला आषाढातल्या वादळात अंगण ओलांडून दिव्याकडं जायला लावणं म्हणजे एखाद्या रात्री दिवा बंद पडण्याची तयारीच.

गोड्या पाण्याचीही तीच गत. अशा बेटांवरच्या कितीतरी जुन्या दीपगृहांत छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीनं टाक्यात घेत आणि तेच वर्षभर पुरवत. आपल्याकडं पूर्णेच्या काठी विहीर खणावी तर खारट पाणी लागतं, म्हणून पाऊस साठवण्याची अक्कल आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपण गावात धाबी पाडून स्लॅब टाकले, अन् त्यावरचं पाणी सरळ नालीत सोडून राहिलो. असो, यावर माझं भाषण तू आधीही ऐकलं आहेस.

खाऱ्या हवेत दगड टिकतो, सांधे आधी जातात. इंग्लंडच्या एडीस्टन खडकावर जॉन स्मीटननं १७५९ मध्ये मनोरा पुरा केला. त्यानं दगड एकमेकांत सुतारी सांध्यासारखे अडकवले, आणि चुनाही शोधून काढला. ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो, हे त्यानं प्रयोग करून ताडलं. मला हे वाचून आमच्या सपरीची भिंत आठवली. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुलणारा खार, दरवर्षी वीतभर वर चढून राहिला आहे. मागच्या गवंड्यानं त्यावर सिमेंटचा गिलावा मारला, तर आतली ओल कोंडली आणि गिलाव्यासकट विटांची पापुद्री खाली आली. आता सगळं सिमेंट खरवडून चुन्याचाच गिलावा करायचं ठरवलं आहे. वहिनी हसतील, हसू दे.

तुला जायचंच तर थंडीत जा. पावसाळ्यात होडी मिळत नाही. तिथल्या वेताळाला कोळी लोक फार मानतात, देवळात जाऊन ये. आणि तिथं एक दगड आहे, तो वाजवून बघ, धातूसारखा आवाज येतो. मी वाजवला तेव्हा सोबतची पोरं उगाच घाबरली.

एक काम सांगतो. नागपुरात तुझ्या बांधकामवाल्या ओळखी आहेत, तर चुना मळणारा, वय झालेलं असलं तरी चालेल, असा एखादा गवंडी विचारून ठेव. राहण्या-जेवण्याची सोय आमच्याकडं करू. मजुरी तो सांगेल ती, पण घासाघीस तू कर, तुझा त्यात हात कोणी धरत नाही. तुरी निघायच्या आत कळव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगू